६ व्होल्टचा सेल्फ आणि १२ व्होल्टची बॅटरी: जुन्या ट्रकचा स्टार्टर दुरुस्त करताना

जुना डॉज, फार्गो, शेवरले, फोर्ड किंवा विलीज जीप, काहीही असो, ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर नेली की सुरुवातीला मालक जाम खूश असतो, कारण जो सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) आधी कण्हत कण्हत इंजिन फिरवायचा तो आता झपकन फिरवतो, हेडलाइट पांढरेशुभ्र, हॉर्न खणखणीत. बल्ब बदलले, इग्निशन कॉइल बदलली, डायनामो काढून अल्टरनेटर लावला, आणि सेल्फ मात्र तसाच ठेवला कारण "तो तर उलट भारी चालतोय". मग एक दिवस बटन दाबल्यावर नुसती घर्रर्र अशी उंच आवाजात मोटर फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही. सेल्फ खाली उतरतो, पिशवीत घालून पुण्यात नाना पेठेत जातो, तिथे कुणीतरी हातात घेऊन न उघडताच सांगतं, "आर्मेचर गेलंय साहेब, भरून घ्या."

थांबा. भरायला, म्हणजे आतली वाइंडिंग नवी गुंडाळून घ्यायला, टाकू नका. १२ व्होल्टवर गेलेल्या सेल्फमध्ये वाइंडिंग हा सगळ्यात शेवटचा संशयित धरायचा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बेंडिक्स (पिनियन म्हणजे सेल्फचा छोटा गिअर पुढे सरकवून इंजिनात अडकवणारी स्क्रू-स्प्रिंगची यंत्रणा) बघायचा, मग फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात, मग सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा विजेवर चालणारा स्विच), मग शाफ्टचे बुश, कार्बन, अर्थ, आणि हे सगळं नीट असेल तर वाइंडिंगकडे वळायचं. का ते सांगतो.

सेल्फ ही सिरीज मोटर असते, म्हणजे करंट आधी बॉडीतल्या स्थिर फील्ड कॉइलमधून जातो आणि तोच करंट पुढे आर्मेचरमधून, म्हणजे मधल्या फिरणाऱ्या भागातून. मोटर उभी असताना करंट अडवायला फक्त तांब्याच्या पट्टीचा रेझिस्टन्स असतो आणि तो नगण्य. व्होल्टेज दुप्पट केला की त्या पहिल्या क्षणी करंटही दुपटीकडे झेपावतो (बॅटरी आणि केबल थोडा अडवतात, पूर्ण दुप्पट होत नाही), आणि फील्ड पण जोरदार झालेलं असल्यामुळे टॉर्क दुपटीपेक्षाही जास्त वाढतो. हा सगळा धक्का कुठे जातो? पिनियनमधून रिंगवर. बेंडिक्सची ती जाड स्प्रिंग ६ व्होल्टच्या धक्क्यासाठी बनवलेली आहे, तिला रोज घणाचा घाव बसतोय. म्हणून स्प्रिंग तुटते, नाहीतर तिचा बोल्ट कापला जातो, नाहीतर पिनियनचे दात झिजून टोकदार होतात.

उष्णतेचं म्हणाल तर त्याची भीती लोक विनाकारण बाळगतात. इंजिन दोन सेकंदात चालू होत असेल तर ६ व्होल्टची वाइंडिंग १२ वर वर्षानुवर्षं टिकते. जळते कधी, तर पेट्रोल वर येत नाहीये, इग्निशनचे पॉइंट खराब आहेत, आणि माणूस सेल्फवर पाय ठेवून बसलाय तेव्हा. आणि आर्मेचर खरोखर मरतं ते दुसऱ्याच कारणाने: स्प्रिंग तुटली, सेल्फ रिकामा फिरतोय हे कानाला कळतंय, तरी "परत एकदा बघू" म्हणून पाचसहा वेळा दाबलं. सिरीज मोटरला लोड नसेल तर ती वेग घेतच सुटते, १२ व्होल्टवर तर विचारूच नका, आणि त्या वेगाला कम्युटेटरपाशी (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन टेकतात) वायरी धरून ठेवणारं सोल्डर गरम होऊन बाहेर फेकलं जातं. म्हणजे एका साध्या स्प्रिंगपायी अख्खं आर्मेचर. घर्रर्र आवाज आला की तिथेच हात काढायचा.

उतरवण्याआधी गाडीवरच बघायच्या गोष्टी

मल्टीमीटर घ्या, एक माणूस बटनावर ठेवा, इग्निशनची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. बॅटरी नुसती उभी असताना १२.६ च्या आसपास हवी. सेल्फ मारताना बॅटरीच्याच टर्मिनलवर (केबलच्या टोकाच्या थिंबलवर नाही, शिशाच्या खुंटीवर) साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, सेल्फला शिव्या घालू नका. मग एक टोक बॅटरीच्या लाइव्ह खुंटीवर आणि दुसरं सेल्फच्या स्टडवर (जिथे जाड केबल आवळतात तिथे) ठेवून सेल्फ मारा. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर केबल, स्विच किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट खातायत. मग अर्थ खुंटी ते सेल्फची बॉडी, इथे पाव व्होल्टच्या वर नको.

हा अर्थचा मुद्दा नीट लक्षात घ्या कारण रिस्टोअर केलेल्या गाड्यांचा हा खास आजार आहे. सेल्फला वेगळी अर्थची वायर नसते, तो बेल हाउसिंगला (फ्लायव्हीलवरच्या आवरणाला) जिथे टेकतो तिथूनच करंट परत जातो. आता आपल्याकडे लोक हौसेने भोसरीत नेऊन सगळं पावडर कोटिंग करून आणतात, सेल्फची बॉडी, फ्लॅंज, इंजिनचे माउंटिंग, सगळं चकाचक काळं, आणि मग सेल्फ मारला की नुसता टक्क. टेकणाऱ्या दोन्ही जागांवरचा रंग पॉलिश पेपरने पार उडवा, बोल्टच्या वायसरखालचा पण, आणि इंजिनवरून चॅसीला एक चांगली जाड अर्थ पट्टी टाका. इंजिन रबरावर बसलेलं असतं हे लोक विसरतातच. गाडीबरोबर आलेली ६ व्होल्टची जाड केबल चांगली असेल तर तीच ठेवा. नवीन घेताना ३५ स्क्वेअर एमएमच्या खाली जाऊ नका, ५० घेतली तर उत्तमच.

इथेच एक जुगाड सांगून टाकतो म्हणजे कुणी करणार नाही. "६ व्होल्ट उतरवायचेत ना, मग मध्ये रेझिस्टर टाक किंवा मुद्दाम बारीक केबल टाक." साधा हिशोब करा: सेल्फ २०० अँपिअर घेतोय, त्यातले ६ व्होल्ट तुम्हाला वायरमध्ये जाळायचेत, म्हणजे १२०० वॅट. ती केबल नाही, शेगडी झाली, आणि ती पण पेट्रोलच्या गाडीत.

पोलॅरिटीबद्दल दोन ओळी. ६ व्होल्टचे डॉज-फार्गो आणि फोर्ड पॉझिटिव्ह अर्थ असायचे, शेवरले आणि विलीज निगेटिव्ह. कन्व्हर्जनच्या वेळी बहुतेक जण सगळंच निगेटिव्ह अर्थ करून टाकतात. त्याने सेल्फ उलटा फिरेल का असं हमखास विचारतात. नाही फिरणार. फील्ड आणि आर्मेचर दोन्हींची दिशा एकदम उलटते त्यामुळे मोटर त्याच बाजूला फिरते. सेल्फ उलटा फिरत असेल तर कुणीतरी आत फील्डची जोडणी चुकवलीय.

सोलेनॉइड आणि पायाचा स्विच

आधी तुमच्या गाडीत नक्की काय आहे ते बघा. बऱ्याच जुन्या ट्रकांत आणि विलीजमध्ये पायाने दाबायचा जाड स्विच असतो, त्याला कॉइलच नाही, त्यामुळे त्याला व्होल्टेजचं सोयरसुतक नाही. फक्त आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, ते काढून घासायचे, फार खड्डे पडले असतील तर उलटे करून बसवायचे. शेवरलेच्या जुन्या ट्रकांत पायाचा लिव्हर आधी पिनियन पुढे ढकलतो आणि मग करंट देतो. ही व्यवस्था १२ व्होल्ट बेंडिक्सपेक्षा बरी सहन करते, कारण दात आधीच अडकलेले असतात.

पण ६ व्होल्टचा सोलेनॉइड असेल तर तो बदलायचाच, यात चर्चा नको. त्याच्या कॉइलवर दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट उष्णता. ती जळाली तर ठीक, गाडी चालू होणार नाही एवढंच. कॉन्टॅक्ट चिकटले तर मात्र तुम्ही बटन सोडलं तरी सेल्फ फिरतच राहतो. म्हणून बॅटरीला हाताने बंद करता येणारा कटऑफ स्विच लावून घ्या, तो हाताशी पाहिजे, बॉनेटच्या आत लपलेला नको. नवीन १२ व्होल्टचा सोलेनॉइड आणताना जुना बरोबर न्या. फोर्डच्या ६ व्होल्टच्या गाड्यांत बटन लाइव्ह देत नाही, ते सोलेनॉइडची कॉइल अर्थ करतं. दुकानात मिळणारे बाकीचे सोलेनॉइड बटनाकडून लाइव्ह मागतात, दिसायला सारखेच. वायरिंग त्याप्रमाणे बदलावं लागेल.

सेल्फ उघडताना

बॅटरीची अर्थ केबल आधी काढा. सेल्फ काढून बाकावर घेतला की पहिल्यांदा बॉडी आणि दोन्ही टोकांच्या प्लेटवर सेंटर पंचने खुणा करा, खडूने नको, पुसतो. मग मागच्या बाजूचा पत्र्याचा पट्टा, कव्हर बँड म्हणतात तो, काढा आणि त्याची आतली बाजू उजेडात धरून बघा. हा पट्टा सगळी कुंडली सांगतो. आत सोल्डरचे चकचकीत थेंब गोल रांगेत चिकटलेले दिसले तर आर्मेचर अतिवेगाने फिरून गरम झालंय, ते भरावंच लागेल किंवा निदान कम्युटेटरचे जोड परत सोल्डर करावे लागतील. नुसती काळी बारीक भुकटी असेल तर ती कार्बनची झीज आहे, फुंकर मारा आणि पुढे चला. तेलाचा चिखल असेल तर इंजिनचं मागचं ऑइल सील गळतंय, ते आधी करा नाहीतर हे सगळं परत करायचंय. जळक्या वार्निशचा वास तर नाकालाच कळतो.

कार्बन निम्म्याच्या खाली झिजले असतील तर चारही बदला. स्प्रिंगने कार्बन कम्युटेटरवर घट्ट दाबला गेला पाहिजे आणि खोबणीत सुळसुळीत सरकला पाहिजे. सेल्फचा कार्बन तांबंमिश्रित असतो, लालसर दिसतो. कुणी डायनामोचा काळा कार्बन घासून बसवला तर तो मापात बसेल पण एवढा करंट वाहून नेणार नाही. मोठ्या साइझचा सेल्फचाच कार्बन घेऊन घासायला हरकत नाही.

आर्मेचर बाहेर काढल्यावर त्याच्या लोखंडी पाठीवर आणि आतल्या पोल शूजवर (फील्ड कॉइल ज्यांच्यावर बसतात त्या लोखंडी तुकड्यांवर) घासल्याच्या चमकदार खुणा आहेत का बघा. असतील तर बुश गेलेत, आर्मेचर खाली बसून पोलला घासतंय. १२ व्होल्टच्या धक्क्याने पुढच्या बाजूचा बुश लवकर अंडाकृती होतो. अशा सेल्फची लक्षणं अगदी वाइंडिंग शॉर्ट झाल्यासारखीच दिसतात, जड फिरतो, करंट खूप खातो, गरम होतो, आणि इथेच बहुतेकांचे पैसे जातात: दोन बुशांच्या कामाला अख्खं भरण्याचं बिल. तयार सिंटर्ड ब्रॉन्झचा बुश मिळाला तर बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि आतून रीमर मारू नका, तेल धरणारी छिद्रं बुजतात. मापाचा मिळाला नाही तर टर्नरकडून गनमेटलचा करून घ्या, पण गनमेटल स्वतः तेल धरत नाही, तेव्हा तेलाचं भोक आणि जमलं तर फेल्टचा तुकडा ठेवायला सांगा.

कम्युटेटर नुसता काळा असेल तर पॉलिश पेपरने पुसा, एमरी पेपर वापरू नका, त्याचा कण पट्ट्यांच्या मध्ये रुततो. खड्डे-लाटा असतील तर लेथवर हलका कट, आणि त्यानंतर पट्ट्यांमधला अभ्रक साधारण १/३२ इंच खाली घ्यायचा. हॅकसॉ ब्लेडचे दात दोन्ही बाजूंनी घासून बारीक केले की मस्त हत्यार होतं. लेथवाला हे करून देत नाही, तो "झालं" म्हणून हातात देतो, मग तुम्हीच संध्याकाळी चहा घेत बसून एकेक फट साफ करा. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, तांबं झिजून अभ्रक वर आला की कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात.

आर्मेचर शॉर्ट आहे का हे वाइंडिंगवाल्याकडच्या ग्राउलर नावाच्या तपासणी यंत्रावर दोन मिनिटांत कळतं. आर्मेचर त्यावर ठेवून वर हॅकसॉ ब्लेड धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचं, शॉर्ट असलेल्या खाचेवर ब्लेड थरथरतं. ही टेस्ट तुमच्या डोळ्यासमोर करायला सांगा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो, जो "कशाला, मी सांगतो ना" म्हणतो तिथून सेल्फ उचला. बॉडीला अर्थ होतंय का हे २३० व्होल्टच्या सिरीज बल्बवर बघतात, ते त्यांनाच करू द्या, घरी करायचं तर मल्टीमीटरवर भागवा.

फील्डचं काय करायचं

आता खरा निर्णय. गाडी रविवारी कधीतरी निघते, इंजिन ट्यूनमध्ये आहे, एका दाबात चालू होतं, तर ६ व्होल्टचेच फील्ड राहू द्या, फक्त बेंडिक्स चांगला ठेवा. पण गाडी कामाची असेल तर तसं चालणार नाही. आपल्याकडे कितीतरी जुने ट्रक विसर्जनाच्या मिरवणुकीत रथ म्हणून लागतात. लक्ष्मी रोडवर दहा पावलं पुढे, मग ढोलपथक थांबलं की इंजिन बंद, परत चालू, परत बंद, रात्रभर, गरम इंजिन, गरम सेल्फ. असल्या गाडीला फील्ड बदललेच पाहिजेत.

पहिला रस्ता म्हणजे १२ व्होल्टच्या फील्ड कॉइल करून घेणं, बारीक पट्टी आणि जास्त वेढे. आर्मेचर तेच ठेवलं तरी चालतं. वाइंडिंगवाल्याला जुनी कॉइल मोडायच्या आधी वेढे मोजायला आणि पट्टीचं माप लिहून ठेवायला सांगा. दुसरा रस्ता स्वस्तातला आहे आणि सगळ्या सेल्फना लागू होत नाही. चार पोलच्या बऱ्याच सेल्फमध्ये दोन-दोन कॉइलच्या दोन जोड्या समांतर असतात, एकेक जोडी एकेका लाइव्ह कार्बनला जाते. या चारही कॉइल एकामागे एक सिरीजमध्ये जोडायच्या आणि शेवटचं टोक दोन्ही लाइव्ह कार्बनना एकत्र द्यायचं. फील्डचा रेझिस्टन्स चौपट होतो, सुरुवातीचा करंट आवरतो, फील्ड जोरदार झाल्यामुळे वेगही खाली येतो. यात चूक होते ती एकच: पोल आळीपाळीने उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण राहिले पाहिजेत. जोडून झाल्यावर फील्डमधून क्षणभर ६ व्होल्ट द्या आणि आत होकायंत्र फिरवून बघा, प्रत्येक पोलला सुई उलटली पाहिजे. नाही उलटली तर ती कॉइल उलटी जोडलीय. जोड मात्र नुसते पिळून टेप मारू नका, तांब्याची पट्टी गुंडाळून भरपूर गरम करून सोल्डर, वर कॉटन टेप आणि वार्निश. तुमच्या सेल्फमध्ये चारही आधीच सिरीजमध्ये असतील तर हा मार्ग बंद, पहिलाच घ्या.

तिसरा रस्ता, पुढच्या मॉडेलचा १२ व्होल्टचा अख्खा सेल्फ शोधायचा. अमेरिकन गाड्या साधारण १९५५-५६ ला १२ व्होल्टवर गेल्या, तेव्हा त्यानंतरचा सेल्फ बसेल असं वाटतं. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारली तर कधी कधी सापडतोही, पण पैसे द्यायच्या आधी पिनियनचे आणि तुमच्या रिंगचे दात मोजा. शेवरलेच्या सहा सिलिंडरवाल्या इंजिनाचंच घ्या, ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३९ दात आणि नंतरच्या १२ व्होल्टवालीला १६८. बोल्ट बसतील, दात बसणार नाहीत, आणि पहिल्याच दाबात ते कळेल.

बेंडिक्स आणि रिंग

बेंडिक्स रॉकेलमध्ये धुवा, ब्रशने स्क्रूच्या खाचा साफ करा, वाळवा आणि कोरडाच बसवा, फार तर ग्रॅफाइटची भुकटी. ग्रीस लावायचा मोह होतो, लावू नका, क्लचची धूळ त्यात बसून घट्ट लेप होतो आणि पिनियन अर्ध्यात अडकतं. स्प्रिंग नवीन घेताना वळणाची दिशा जुन्याशी जुळवा. तिचे बोल्ट साध्या हार्डवेअरचे वापरू नका, हाय टेन्साइलच घ्या आणि लॉक वायसरची जीभ नीट वळवा.

सेल्फ बाहेर आहे तोवर भोकातून टॉर्च मारून रिंगही बघा, इंजिन हँडलने फिरवत सगळा वेढा बघा. इंजिन बंद होताना ठराविक जागीच थांबतं, सहा सिलिंडरला तीन जागा, चारला दोन, त्यामुळे झीज तेवढ्याच ठिकाणी सापडते. "कधी लागतो कधी नाही" अशी तक्रार असेल तर हेच कारण. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर रिंग गरम करून काढून उलटी बसवता येते, दाताची न झिजलेली बाजू पुढे येते, पण पिनियन शिरायच्या बाजूला दातांना उतार घासून द्यावा लागतो.

जोडून झाल्यावर

सेल्फ वाइसमध्ये घट्ट आवळा, हातात धरून टेस्ट करू नका, उडी मारतो. फील्ड बदलले नसतील तर ६ व्होल्टच्या बॅटरीवर टेस्ट करा, १२ वर रिकामा फिरवायचा तर नुसता क्षणभर स्पर्श. आवाज एकसारखा हवा, कार्बनपाशी मोठ्या ठिणग्या नकोत, पिनियन फटकन पुढे यायला हवं.

गाडीवर चढवल्यावर सवय एकच लावून घ्या: पाच सेकंद दाबायचं, नाही लागली तर अर्धा-एक मिनिट थांबायचं, आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय परत दाबायचं नाही. चुकचुकून बंद पडताना फ्लायव्हील मागे-पुढे हेलकावे खात असतं, त्याच क्षणी पिनियन आत शिरलं की स्प्रिंग, नाहीतर सेल्फचं पुढचं नाकच तुटतं. पिनियन रिंगमध्ये अडकून बसलंच तर इग्निशन बंद करा, टॉप गिअर टाका आणि दोघातिघांनी मिळून ट्रक मागेपुढे हलवा, बहुतेक वेळा टक्क आवाज येऊन सुटतं. तरी नाही सुटलं तर बॅटरी बंद करून सेल्फचे बोल्ट थोडे ढिले करा, पिनियन मोकळं झालं की परत कसा, आणि घरी आल्यावर रिंगचा तेवढा भाग टॉर्च मारून बघा.